कवला ओळखायचा तर आधी पान बघा

भाद्रपद लागला की माझ्या फोनवर पिवळ्या फुलांचे फोटो यायला लागतात. जुने विद्यार्थी, त्यांचे आईवडील, पुण्याहून कासला जाऊन आलेल्या भाच्या, सगळ्यांचा प्रश्न एकच असतो, "हेच ना ते मिकी माउसचं फूल?" फोटोत फूल समोरून टिपलेलं, पडदा भरून. उभी पिवळी पाकळी, तिच्या बुडाशी दोन तांबडे ठिपके. फोटो सुंदर असतो, फूल स्वच्छ दिसतं, आणि तरीही मला नक्की सांगता येत नाही की हा कोणता कवला.

कवला म्हणजे पावसाळ्यात उगवणारं छोटं रानझाड, कोवळेपणी ज्याची भाजी करतात ते. पण कवला एक नाही. स्मिथिया या घराण्यातल्या बऱ्याच जाती सह्याद्रीत आहेत, त्यांतल्या अनेक पिवळ्या आहेत आणि त्यांतल्या अनेकांना ते दोन ठिपके असतात. समोरून काढलेला फुलाचा फोटो हा या झाडाचा सगळ्यांत देखणा आणि ओळखीसाठी सगळ्यांत कमी उपयोगाचा फोटो. हे मी पुस्तकातून नाही, बांधावर शिकले.

लग्न होऊन मी जावळीत आले ते साल 1989. माहेर साताऱ्यात, भर पेठेत. रानभाजी म्हणजे मंडईत जुडी मिळते तेवढीच माहीत. पहिल्याच आषाढात आत्यांनी (आमच्याकडे सासूबाईंना आत्या म्हणतात) मला खाचराच्या बांधावरून कवला आणायला पाठवलं. मी ओटी भरून आणला. त्यांनी सुपात ओतला, एक काडी उचलली, पान दोन बोटांत धरलं आणि अर्ध्याहून जास्त पाला बाजूला सारला. "ह्यो कवला न्हाय. ह्याचं पान मोजाय गेलं तर दिस मावळंल." मी म्हटलं, आत्या, फूल आलं असतं तर कळलं असतं. त्या म्हणाल्या, "फूल येईस्तवर भाजी निबार हुती. फुलाची वाट बघितलीस तर ताटात काय वाढशील?"

त्या वाक्यात सगळी रीत आहे. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या कवला खाल्ला त्यांना तो आर्द्रा-पुनर्वसूत ओळखावाच लागतो आणि तेव्हा त्याला फूल नसतं. म्हणून खाली मी ज्या क्रमाने सांगते आहे त्यात फूल मागून येतं. आधी जागा, मग पान, मग फूल, आणि शेवटी शेंग. शेंग पाहिल्यावर उरलीसुरली शंका जाते.

जागा आणि वेळ

कवला पाण्याच्या कडेचा. पाण्यात बुडालेला नाही, पण पाय ठेवला तर टाचेखालून पाणी वर येईल अशा जमिनीवरचा. आमच्याकडे त्याच्या ठरलेल्या जागा म्हणजे भातखाचरांचे बांध, ओहोळाच्या दोन्ही कडा, आणि वरचे सडे. सडा म्हणजे जांभ्या दगडाचं सपाट पठार. दगडावर मातीचा थर वीतभरसुद्धा नसतो. पावसाळ्यात पाणी खाली मुरायला जागा नसते, त्यामुळे ते खळग्यांत साचतं, चिरांतून पाझरतं आणि पाऊस थांबल्यावरही बरेच दिवस गवताच्या बुडाशी राहतं. हीच जागा मार्गशीर्षात बघाल तर वाळून कडकडीत. चार महिन्यांची पाणथळ म्हणा ना. कवल्याने आयुष्य त्यातच बसवलं आहे. मृगाच्या पावसावर रुजायचं, नवरात्रापर्यंत फुलायचं, पाणी आटायच्या आत बी टाकायचं आणि मरायचं.

जागा बरोबर आहे का हे शेजारपाजाऱ्यांवरून कळतं. पांढऱ्या गोल बटणांसारखा गेंद, निळी-जांभळी सीतेची आसवं, ओल्या मातीला चिकटलेलं तांबूस दवबिंदू ही मंडळी असतील तर कवला जवळपास शोधायला हरकत नाही. ही सोबत मला फार विलक्षण वाटते. सड्याच्या मातीत नत्र कमी, पावसाने धुऊन गेलेलं. सीतेची आसवं आणि दवबिंदू ही कमतरता किडे पकडून भरून काढतात. कवला त्याच मातीत उभा असतो, पण तो वाटाण्याच्या, म्हणजे शिंबावंत कुळातला. त्याच्या मुळांवरच्या गाठींत जिवाणू राहतात आणि हवेतला नत्र त्याला मिळवून देतात. हातभर जागेत उपाशी जमिनीवर जगायच्या दोन अगदी वेगळ्या तऱ्हा. गाठी बघायला म्हणून झाड उपटू मात्र नका. शेताच्या बांधावर कुणी बेणणी करत असेल तर त्यांनी उपटून टाकलेल्या झाडाची मुळं पाण्यात हलवून धुवा, गाठी तिथे दिसतील.

महिन्यांचं सांगायचं तर कोवळा पाला जून-जुलैत, फुलं ऑगस्टच्या मध्यापासून, भर सप्टेंबरमध्ये, आणि शेंगा बघायच्या तर ऑक्टोबर. एकाच झाडाला दोनदा भेटावं, एकदा उत्तरा नक्षत्रात आणि एकदा कोजागरीनंतर.

पान

खाली बसा. गुडघ्याखाली पोतं किंवा जुनी रेनकोटची घडी घ्या, कारण जमीन ओली असते आणि उभ्याने हे काम होत नाही. जवळ दहापट मोठं दाखवणारं भिंग असावं, घड्याळ दुरुस्त करणारे वापरतात तसलं चालेल.

एक पान निवडा. तोडायचं नाही, झाडावरच बोटावर घ्यायचं. कवल्याचं पान चिंचेच्या पानासारखं, म्हणजे मधल्या दांडीच्या दोन्ही बाजूंना छोट्या पर्णिका जोडीजोडीने बसवलेल्या. आता टोकाला बघा. गुलाबाच्या पानाला टोकाला एक एकटी पर्णिका असते, तशी इथे नसते. शेवटची जोडी येते आणि दांडी एका बारीक ताठ केसात संपते. पर्णिकांच्या कडेलाही असेच विरळ राठ केस असतात, आणि पान उलटं केलं तर मधल्या शिरेवरही. भिंगातून ते पापण्यांसारखे दिसतात. उजेडाकडे धरलंत तर भिंगाशिवायही दिसतील.

मग जोड्या मोजा. आत्यांची कसोटी हीच होती. कवल्याच्या जोड्या मोजता येतात. दोन, तीन, चार, पाच, भाजीच्या कवल्याला कधी जास्त, पण दहाच्या आत-बाहेर. मी पहिल्या दिवशी जे ओटीभर आणलं होतं त्याला एका पानावर वीस-वीस, पंचवीस-पंचवीस जोड्या होत्या, कंगव्याच्या दातांसारख्या. ते होतं ईशिनोमिनी इंडिका, कवल्याचं जवळचं भावंड. ज्या भेंडाच्या पांढऱ्या, हलक्या गाभ्यापासून बाशिंगं आणि फुलं करतात, ते भेंड याच घराण्यातलं. खाचराच्या कडेला, कधी पाण्यातच, कवल्यापेक्षा उंच वाढतं. त्याचं फूलही पिवळसर, वाटाण्याच्या घडणीचं, त्यामुळे फुलावरून ओळखायला गेलेला माणूस तिथे हमखास चुकतो. जोड्या मोजणारा चुकत नाही.

आता पान जिथे खोडाला जुळतं तिथे या. ही या झाडाची मला सगळ्यांत आवडणारी जागा. देठाच्या बुडाशी दोन बाजूंना दोन उपपर्णं असतात, कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ, कोरडी, वाळक्या रंगाची. साध्या उपपर्णासारखी ती बुडाशी चिकटून वर जात नाहीत. चिकटलेली असतात मध्येच कुठेतरी, आणि त्यांचा एक तुकडा जोडापासून खाली लोंबतो, कानाच्या पाळीसारखा. बोटाच्या नखाने हळूच उचलून बघा, वरचं टोक आणि खालची पाळी दोन्ही सुटी हलतात, मध्ये तेवढी पकड. पावसात पान भिजून जड झालेलं असलं तरी हे पापुद्रे तसेच कोरडे वाटतात. झाड वाळेपर्यंत ते खोडाला असतात, म्हणून फूल-शेंग काहीच नसलं तरी ही खूण हाती लागते. ईशिनोमिनीच्या कोवळ्या शेंड्यावरही साधारण अशीच उपपर्णं दिसतात, तेव्हा एवढ्यावर निकाल देऊ नका. उपपर्णं आणि जोड्यांची संख्या मिळून बघा.

पानाची आणखी एक परीक्षा मुलांना फार आवडते. बोटाने पर्णिकांवरून हलकेच हात फिरवा आणि थांबा. कवल्याच्या जोड्या एकमेकींकडे झुकून मिटतात, विशेषतः भाजीच्या कवल्याच्या. त्याचं शास्त्रीय नावच स्मिथिया सेन्सिटिव्हा. लाजाळूइतकं झटकन मात्र होत नाही, धीर धरावा लागतो. संध्याकाळ झाली की पानं आपण होऊनच मिटतात. म्हणून दिवस कलल्यावर ओळखायला जाऊ नका, जोड्या मोजता येत नाहीत.

फूल

फुलाची घडण वाटाण्याच्या, पावट्याच्या फुलासारखीच. मागे उभी मोठी पताका, दोन बाजूंना दोन पंख, आणि खाली दोन पाकळ्या जुळून झालेली नाव. नावेच्या पोटात पुंकेसर आणि कुक्षी. आकार करंगळीच्या नखाएवढा किंवा जरा मोठा. पताकेच्या बुडाचे दोन तांबडे ठिपके म्हणजे मिकीचे डोळे, असं लोक म्हणतात. सातेरी मधमाशी येऊन बसते तेव्हा बघा. ती ठिपक्यांकडे तोंड करून पंखांवर पाय रोवते, तिच्या भाराने नाव खाली दबते आणि आतले पुंकेसर तिच्या पोटाला लागतात. माशी उडाली की नाव पुन्हा मिटते. काडीच्या टोकाने नाव अलगद दाबून हे तुम्हालाही करून बघता येईल. पुंकेसर दहा असतात, आणि ते पाच-पाचच्या दोन जुड्यांत बांधलेले दिसतात. वाटाण्यात नऊ एकत्र आणि एक वेगळा असतो. एकाच कुळातल्या दोन घरांच्या चाली अशा वेगळ्या.

पण जात ठरवायला फुलाच्या मागे जा. पाकळ्यांना धरणारी हिरवी वाटी, म्हणजे निदलपुंज, ही खरी साक्षीदार. कवल्याच्या निदलपुंजाचे दोन ओठ होतात, एक वर, एक खाली. त्यावरच्या शिरा भिंगातून बघा. भाजीच्या कवल्यात त्या शिरा एकमेकींना समांतर, वहीच्या रेघांसारख्या सरळ जातात आणि निदलपुंज हाताला जरा कडक लागतो. सड्यावरच्या मोठ्या फुलाच्या कवल्यात शिरा एकमेकींत मिसळून जाळं करतात आणि निदलपुंज मऊ, पापुद्र्यासारखा असतो. ही एक खूण पाहिली की कवल्यांचे दोन गट डोळ्यांसमोर वेगळे होतात, आणि समोरून काढलेल्या फोटोत ती कधीच येत नाही.

मग केस. ज्याला आपण मिकी माउस म्हणतो तो बहुतेक वेळा केसाळ कवला, स्मिथिया हिर्सुटा. त्याच्या खोडावर आणि निदलपुंजावर पिवळसर लांब केस असतात. सकाळी दहाच्या आत, ऊन तिरपं असताना, झाड आणि सूर्य एका रेषेत घेऊन बघितलं तर कळ्यांच्या कडा या केसांमुळे उजळलेल्या दिसतात. हे नाव देणारे डाल्झेल हे मुंबई इलाख्यात जंगल खात्यात काम केलेले स्कॉटिश वनस्पतिशास्त्रज्ञ. सह्याद्रीतल्या आणखीही बऱ्याच झाडांच्या नावामागे त्यांचं नाव लागलेलं दिसेल. घराण्याचं नाव स्मिथिया पडलं ते जेम्स एडवर्ड स्मिथ यांच्यावरून, ज्यांनी सजीवांना शास्त्रीय नावं द्यायची रीत घालून देणाऱ्या लिनियसचा संग्रह विकत घेतला आणि 1788 मध्ये लंडनला लिनियन सोसायटी काढली. आमच्या बांधावरच्या भाजीला इंग्लंडच्या माणसाचं नाव, हे वर्गात सांगितलं की मुलं चकित होतात. मग मी त्यांना स्मिथिया आघारकरी सांगते. सह्याद्रीबाहेर न आढळणारा हा कवला, आणि नाव शंकर पुरुषोत्तम आघारकरांचं. आघारकर मालवणचे, जन्म 1884 चा. पुण्यात 1946 साली सुरू झालेल्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीचे ते संस्थापक-संचालक, आणि आज ती संस्था आघारकर संशोधन संस्था म्हणूनच ओळखली जाते.

आणखी दोघांची ओळख करून ठेवा. जांभळा कवला, स्मिथिया पर्प्युरिया, याची फुलं निळसर जांभळी आणि ठिपक्यांच्या जागी पांढरे डाग. तो एकदा दिसला की दुसऱ्या कुठल्याही कवल्याशी गल्लत होत नाही. आणि स्मिथिया बायजेमिना, ज्याच्या नावातच दोन जोड्या आहेत, म्हणजे पानावर चारच पर्णिका. पिवळं फूल, दोन ठिपके, पण पान मोजलं की चार. इथे पुन्हा पानच उपयोगी पडतं.

शेंग

आता मी ज्यासाठी तुम्हाला कोजागरीनंतर परत यायला सांगितलं ते. पाकळ्या गळून गेल्या की लोकांना वाटतं कवला संपला. झाडावर नुसते वाळके, तपकिरी, कागदी निदलपुंज राहतात, आणि शेंग कुठेच दिसत नाही. वाटाण्याच्या कुळातलं झाड, मग शेंग गेली कुठे?

एक सुकलेला निदलपुंज निवडा. तळहातावर ठेवा, वारा असेल तर आडोशाला जा. दोन ओठ टाचणीने अलग करा. आत शेंग आहे, पण घडी घातलेली. भजनातली हातपेटी नसते का, तिचा भाता मिटल्यावर जशा पट्ट्या एकीवर एक बसतात, अगदी तशी. टाचणीच्या टोकाने एक बाजू धरून हळू ओढा, ती उलगडत येते. चपटे गोलसर मणी, एकाला एक बारीक जोडाने जोडलेले, आणि प्रत्येक जोडाला शेंग उलट दिशेला वळलेली. मण्यांची संख्या जातीप्रमाणे कमी-जास्त. पृष्ठभागावर बारीक पुटकुळ्या असतात, भिंगातून वाळूच्या कागदासारख्या दिसतात. जरा जास्त ओढलंत तर एकेक मणी सुटून पडतो. असाच तो जमिनीवर पडायचा असतो, एका मण्यात एक बी.

ईशिनोमिनीची शेंगही मण्यांची, पण ती सरळ आणि निदलपुंजाच्या बाहेर लांब लोंबणारी. शेंग वाटीच्या आत, घडी घालून बसलेली असेल तर तो कवलाच. मी पहिल्यांदा हे उलगडून पाहिलं तेव्हा शाळेत शिकवायला लागून मला अकरा वर्षं झाली होती, आणि त्या दिवशी विज्ञानाचा तास घंटेनंतरही चालू राहिला. सत्तावीस मुलं, एक भिंग, रांग लावून.

मुलांचं निघालं म्हणून माझी एक चूक सांगते. त्याआधीच्या वर्षी मी सहावीच्या मुलांना सड्यावर नेलं आणि प्रत्येकाला एक-एक कवला तोडून आणू दिला, वर्गात बसून बघू म्हणून. पिशवीत घातलेल्या झाडांची पानं मिटली, पाकळ्या काळवंडल्या, उपपर्णं चुरगळली. वर्गात पोहोचलो तेव्हा ओळखण्यासारखं काही उरलं नव्हतं. पण मला लागलं ते दुसरंच. पुढच्या आठवड्यात मी एकटी वर गेले तर आम्ही जिथे गोल करून बसलो होतो तिथलं गवत आणि गेंद चिखलात दाबले गेले होते आणि खळग्याची कड फुटून पाणी निघून गेलं होतं. वीतभर मातीच्या जागी सत्तावीस जोड्या पाय फार होतात. तेव्हापासून मी चार-चार मुलं नेते, उघड्या दगडावरून चालवते, आणि झाड झाडावरच बघायला लावते.

फसवणारी आणखी काही

यांच्यावर फार वेळ घालवायला नको. सोनकी पिवळी आहे, पण ती सूर्यफुलाच्या कुळातली. पाकळ्या गोल फिरलेल्या, नाव-पताका काही नाही. खुळखुळ्याचं फूल वाटाण्यासारखंच, पण पान जोडीजोडीचं नसतं आणि शेंग फुगीर, वाळली की वाजते. टाकळ्याच्या नात्यातल्या काही बुटक्या झाडांना कवल्यासारखी बारीक पानं आणि पिवळी फुलं असतात, पण त्यांच्या पाचही पाकळ्या उघड्या पसरलेल्या, मिटलेली नाव नाही. झरेरा स्पर्शाने पानं मिटतो म्हणून काही जण त्याला कवला म्हणतात. त्याची सगळी पानं खोडाच्या शेंड्याशी छत्रीसारखी एकत्र येतात, तेवढं पुरे. आणि लाजाळूला काटे असतात, फुलं गुलाबी गोंड्यांची. तिच्यात आणि कवल्यात गोंधळ करणारा माणूस मला तरी भेटलेला नाही.

फोटो काढायचे असतील तर

कुणाला विचारण्यासाठी फोटो पाठवणार असाल तर एक पाठवू नका, सहा पाठवा. जागा दिसेल असा एक, पाणी, दगड, बांध जे असेल ते येऊ द्या. अख्खं झाड, शेजारी पेन किंवा हात, म्हणजे उंची कळते. फूल समोरून, तो तुम्ही काढणारच आहात. फूल बाजूने, निदलपुंज आणि त्यावरचे केस स्पष्ट. एक पान तळहातावर पसरून, जोड्या मोजता येतील असं, आणि त्याच फोटोत किंवा वेगळ्या फोटोत देठाच्या बुडाची उपपर्णं. सहावा शेंगेचा, मिळाली तर. पानाच्या मागे कागद धरला तर कॅमेरा गवतावर भरकटत नाही. हे सहा फोटो आयनॅचरलिस्टसारख्या, लोक फोटो टाकून झाडा-प्राण्यांची ओळख विचारतात अशा संकेतस्थळावर टाकले तर ओळख सांगणाऱ्यालाही काहीतरी धरायला मिळतं.

फोटोवरून ओळखून भाजी मात्र करू नका. ज्या घरात कवला दरवर्षी शिजतो अशा बाईच्या हाताखाली एकदा तरी निवडायला बसा. आत्या फक्त कोवळे शेंडे घ्यायच्या, दोन बोटांत मोडला तर तुटला पाहिजे, वाकला तर टाकून द्यायचा. बारीक चिरून लसूण, हिरवी मिरची, भरपूर कांदा, आणि भिजवलेली मूगडाळ. पाणी घालायचं नाही, झाकणावर ठेवायचं. सोबत नाचणीची भाकरी.

त्यांचा तो बांध आता राहिलेला नाही, म्हणजे बांध आहे, त्यावर कवला नाही. पलीकडच्या खाचरात सलग तीन वर्षं तणनाशक मारलं गेलं, ते बांधावरही आलं. गवत परत आलं, कवला आला नाही. आत्या जायच्या आदल्या आषाढात मी त्यांना हाताला धरून ओहोळाकडच्या तुकड्यावर नेलं, तिथे अजून आहे. डोळ्यांना फार दिसत नव्हतं. त्यांनी खाली बसून पान चाचपलं, दांडीवरून बोट खालपर्यंत नेलं, देठाच्या बुडाशी थांबल्या आणि म्हणाल्या, "ह्यो हाय."

तुम्ही वही ठेवत असाल तर नोंद कशी करायची याचा नमुना म्हणून माझी गेल्या वर्षीची एक देते.

"28 सप्टेंबर, हस्त. शाळेमागचा सडा, ओहोळापासून दहा पावलं. माती ओली, पाणी साचलेलं नाही. सोबत गेंद, सीतेची आसवं. उंची गुडघ्याच्या खाली. पानावर चार जोड्या, टोकाला केस, उपपर्णांना खाली पाळी. निदलपुंज केसाळ, शिरांचं जाळं. फूल पिवळं, दोन ठिपके. दहा मिनिटांत चार सातेरी माश्या आल्या. बहुधा हिर्सुटा. शेंग अजून नाही. कोजागरीनंतर परत जाणे, टाचणी घेऊन."